टेलिकॉम सर्कल

टेलिकॉम सर्कल (दूरसंचार परिमंडळ) म्हणजे मोबाइल कंपनीचा परवाना आणि तिला मिळालेल्या रेडिओ लहरी (स्पेक्ट्रम) ज्या भूभागापुरत्या चालतात तो भूभाग. भारतात अशी 22 सर्कल आहेत. नाशिक ‘महाराष्ट्र’ सर्कलमध्ये मोडते, गोवाही त्यातच. मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण यांचे सर्कल मात्र वेगळे.

ही हद्द लहरींनी आखलेली नाही. तारांच्या काळात टेलिफोन खात्याचा कारभार साधारण राज्यवार वाटलेला होता. 1986 मध्ये मुंबई आणि दिल्लीचे टेलिफोन महानगर टेलिफोन निगमकडे गेले. 1994 च्या दूरसंचार धोरणानंतर खासगी कंपन्यांना परवाने देताना तीच वाटणी थोड्याफार फरकाने पुढे चालली, आणि तारांचा नकाशा बिनतारी फोनला चिकटला.

पुढे तो यंत्रणेतच भिनला. नंबरची मूळ नोंद घरच्या सर्कलमध्ये. फोन दुसऱ्या सर्कलमध्ये गेला की तिथले नेटवर्क त्या नोंदीची खातरजमा करून सेवा देते आणि हिशेब वेगळा मांडते. हेच रोमिंग. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणाऱ्या नाशिककरांना ही हद्द तोंडपाठ होती. कसारा घाट उतरून गाडी कल्याणकडे निघाली की स्क्रीनवरचे नेटवर्कचे नाव बदलायचे. 2003 पासून घरच्या सर्कलमध्ये इनकमिंग फुकट झाले, पण रोमिंगमध्ये त्याचेही पैसे पडत. ‘रोमिंगमध्ये आहे, पोचल्यावर करतो’ एवढे बोलून माणसे फोन ठेवत, नाहीतर उचलतच नसत. नोकरीसाठी रोज ये-जा करणाऱ्याला हा भुर्दंड बसणे सरळ अन्यायाचे होते.

20 जानेवारी 2011 पासून नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर आली. त्यासाठी ‘हा नंबर सध्या कोणत्या कंपनीकडे आहे’ हे सांगणारा सामाईक डेटाबेस उभारावा लागला. म्हणजे इथे नियमाने यंत्रणा घडवली. पण सोय सर्कलपुरतीच होती. मुंबईत बिऱ्हाड हलवलेल्या नाशिककराला जुना नंबर ठेवून मुंबईचा ग्राहक होता येईना. ती अडचण 3 जुलै 2015 रोजी सुटली. रोमिंगमुक्तीचे उद्दिष्ट 2012 च्या धोरणात होतेच. पुढे एका रकमेत अमर्याद कॉल देणारे पॅक आले आणि रोमिंगचा वेगळा हिशेब ठेवण्यात अर्थ उरला नाही.

ग्राहकाच्या बिलातून सर्कल गेले, तरी लहरींचे लिलाव आजही सर्कलवारच होतात. त्यामुळे एकाच कंपनीकडे नाशिकमध्ये आणि कल्याणमध्ये वेगवेगळ्या लहरी असू शकतात.