बाजारपेठ हवी, माणसांची ये-जा नको: ब्रेग्झिटमागचा जुना पेच

माल, सेवा, भांडवल आणि माणसं या चौघांच्या मुक्त संचाराची मोट आजच्या युरोपीय महासंघाचा पाया घालणाऱ्या १९५७ च्या रोम करारातच बांधली गेली. ब्रिटन १९७३ मध्ये या गटात आला तो ही मोट मान्य करूनच. १९९३ पासून सुरू झालेल्या एकल बाजारपेठेसाठी (सगळे सदस्य देश मिळून जणू एकच बाजार) तर सर्वाधिक आग्रह मार्गारेट थॅचर यांच्या सरकारचा होता.

माणसांचा प्रश्न तापला तो २००४ नंतर. त्या वर्षी पोलंडसह दहा देश महासंघात आले. नव्या कामगारांना सात वर्षांपर्यंत थोपवण्याची सवलत जुन्या सदस्यांना होती. जर्मनी आणि ऑस्ट्रियाने ती पुरती वापरली. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने पहिल्याच दिवशी दार उघडलं. ब्रिटिश गृहखात्यासाठी केलेला अंदाज वर्षाला निव्वळ ५ ते १३ हजारांचा होता. जर्मनीही दार उघडेल हे त्यात गृहीत होतं आणि तिथेच गणित फसलं. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये पोलंडमध्ये जन्मलेले ५ लाख ७९ हजार लोक निघाले.

मधला मार्ग निघत नाही, हे स्वित्झर्लंडने ब्रिटनच्या आधीच अनुभवलं होतं. महासंघाशी झालेले त्याचे १९९९ चे सात करार एकमेकांना जखडलेले आहेत: एक मोडला की सहा महिन्यांत सातही रद्द. फेब्रुवारी २०१४ मध्ये ५०.३ टक्के स्विस मतदारांनी परदेशी लोकांवर कोटा घालायचा कौल दिला. त्यापाठोपाठ सरकारने क्रोएशियन कामगारांना मुक्त प्रवेश देणाऱ्या करारावर सही करायचं थांबवताच महासंघाने संशोधन आणि विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या योजनांतला स्विस सहभाग गोठवला. अखेर डिसेंबर २०१६ च्या कायद्यात कोटा उरलाच नाही. ज्या व्यवसायांत बेकारी जास्त, तिथल्या रिकाम्या जागा आधी रोजगार केंद्राला कळवायच्या, एवढंच बंधन राहिलं.

हे समोर असूनही ब्रेग्झिटच्या, म्हणजे महासंघातून बाहेर पडण्याच्या, वाटाघाटींत पंतप्रधान थेरेसा मे यांनी २०१८ च्या चेकर्स योजनेत मालापुरती एकल बाजारपेठ मागितली, माणसांची मुक्त ये-जा वगळून. सॉल्झबर्गच्या बैठकीत महासंघाने ती फेटाळली. सदस्य न होता एकल बाजारपेठेत राहण्याचा नॉर्वेचा रस्ता खुला होता, पण त्यात मुक्त संचारही येतो आणि वर्गणीही. राहिला तो कॅनडासारखा व्यापार करार. १ जानेवारी २०२१ पासून तोच लागू आहे.

या करारात जकात शून्य आहे, पण ती ‘मूळ देशा’च्या नियमांत बसणाऱ्या, म्हणजे पुरेशा प्रमाणात ब्रिटन किंवा महासंघातच बनलेल्या मालालाच. प्राणिजन्य मालाच्या खेपेला पशुवैद्याच्या सहीचा आरोग्य दाखला लागतो. ‘ब’ वर्गाच्या, म्हणजे कमी स्वच्छ, पाण्यातले जिवंत शिंपले आधी युरोपात पाठवून तिथल्या टाक्यांत शुद्ध करत. महासंघाबाहेरच्या देशाला ती मुभा नाही, आणि ब्रिटनमध्ये पुरेशा टाक्याच नव्हत्या. कित्येक व्यावसायिकांची निर्यात एका रात्रीत थांबली. लंडनच्या बँकांनी सगळ्या महासंघात एकाच परवान्यावर काम करण्याचा हक्क गमावला. माझ्या मते ही किंमत शिंपल्यांपेक्षा कितीतरी मोठी, पण तिची चर्चा कमी झाली.

आणि स्थलांतर? युरोपीय नागरिक घटले, पण गुणांवर आधारित व्हिसा पद्धतीने बाकी जगाला वाट मिळाली. २०२३ मध्ये निव्वळ स्थलांतर वर्षाला ९ लाखांवर गेलं. येणाऱ्यांत भारतीय सर्वाधिक होते.

भारताशी व्यापार कराराची बोलणी सुरू झाली तेव्हाही व्हिसा हाच अडसर होता. जुलै २०२५ मध्ये करारावर सह्या झाल्या, त्यात स्कॉच व्हिस्कीवरचं १५० टक्के आयातशुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलं. कामगारांच्या बाबतीत ब्रिटनने मोठी सूट दिली ती सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीत: पुण्याच्या आयटी कंपनीने तात्पुरत्या कामासाठी तिकडे पाठवलेल्या कर्मचाऱ्यामागे तीन वर्षांपर्यंत ती ब्रिटनमध्ये भरावी लागणार नाही, फक्त भारतात भरायची.