मेंढरू भादरतात, कापत नाहीत

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला-मंगळवेढ्याच्या माळावर धनगराच्या वाड्यावर जाऊन ‘मेंढी कधी कापणार?’ असं विचारलंत, तर म्हातारा आधी तुम्हाला आपादमस्तक न्याहाळेल. कापतो तो खाटीक. लोकर काढायची असेल तर मेंढरू भादरायचं, फार तर कातरायचं. त्यातही वाड्यावर ‘बकरी’ म्हणतात ती बहुधा मेंढीच असते, शेळीला शेरडू म्हणतात. शहरातून गेलेला माणूस पहिल्या दोन वाक्यांतच गडबडतो.

‘भादरणे’ हा शब्द आज आपल्याकडे जरा हलका झालाय. न्हाव्यानं केसांची वाट लावली की ‘भादरून ठेवलं’ म्हणतो, साहेबानं झापलं की ‘चांगलंच भादरलं’ म्हणतो. मूळ मात्र भारदस्त आहे. संस्कृत व्याकरणकारांनी मुंडणासाठी ‘भद्राकरण’ असा शब्द नोंदवलाय. भद्र म्हणजे शुभ, म्हणजे मंगलप्रसंगी केस उतरवणं. पंडितांच्या ग्रंथात राहिलेली ही शुभ हजामत मराठीत मेंढरांच्या वाट्याला आली, ती अशी.

दुसरा शब्द ‘जावळ’. बाळाचे जन्माचे केस म्हणजे जावळ, आणि कोकराची पहिली लोकर म्हणजेही जावळच. ती मऊ, बारीक, अंगाला न टोचणारी असते. जावळाची घोंगडी म्हणजे घोंगड्यांतला वरचा माल. पुढच्या कातरणीपासून लोकर राठ होत जाते. माणसाच्या पोराला आणि मेंढीच्या पोराला एकच शब्द लावावा, यातच या धंद्याचं सगळं आलं, असं मला वाटतं. सरकारी कागदावरचं ‘लोकर कर्तन’ त्यापुढे कोरडं लागतं.

‘कातरणे’ आणि ‘कातणे’ या जोडीची आणखी एक गंमत. संस्कृतात ‘कृत्’ नावाचे दोन धातू आहेत, एकाचा अर्थ कापणं आणि दुसऱ्याचा सूत काढणं. मराठीत मधला ‘र’ राहिला की कातर चालते, गेला की चाती, म्हणजे सूत काढायची टकळी, फिरते. कातरलेली लोकर पुढे कातलीच जाते, त्यामुळे वाड्यावर हे दोन शब्द एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसलेले असतात.

आपल्याकडची जुनी मेंढी म्हणजे डेक्कनी, अंगानं बहुधा काळी. तोंड, पोट, पाय जवळपास उघडे, लोकर पाठीवर आणि कुशीवर, तीही केसांत मिसळलेली. वर्षाकाठी एका मेंढीमागे अर्ध्या किलोच्या आसपास निघते. वर्षातून दोनदा मेंढरं धुऊन, पाय आवळून, लोखंडी कातरीनं हे काम होतं. कुठे कातडीला चिमटा बसलाच तर हळद. एवढ्यावर कातरणीचे शब्द संपतात.

खरी शब्दांची रास पुढे लागते. लोकर पिंजायची, चातीवर किंवा चरख्यावर कातायची, ताणा लावायचा, चिंचोके भरडून शिजवून त्याची खळ द्यायची, मग खड्डामागावर विणायचं. हे विणकर सनगर, आणि धनगरांतले खुटेकर. चिंचोक्याच्या खळीनं घोंगडं ताठ होतं आणि भिजलं की जड होऊन लवकर वाळत नाही. वर्तमानपत्रं दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या प्रश्नाचं ‘भिजत घोंगडं’ मथळ्यात टाकतात. लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी खरोखर भिजलेलं घोंगडं उचललंय, देव जाणे.

इंग्रजीत चित्र नेमकं उलटं आहे. ऑस्ट्रेलियात १७९७ मध्ये मऊ, दाट लोकरीच्या मेरिनो मेंढ्या पोचल्या आणि लोकर हाच तिथला मोठा धंदा झाला. एकेक मेंढी वर्षाला चार-पाच किलो लोकर द्यायला लागली. १८८० च्या दशकात तिथे अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या, सुरकुतलेल्या कातडीच्या मेरिनोंचं रक्त आणलं गेलं. सुरकुत्या जास्त म्हणजे कातडी जास्त, आणि कातडी जास्त म्हणजे लोकर जास्त, असा हिशेब होता. पण शेपटीखालच्या सुरकुत्यांत मूत आणि लेंड्या साचल्या, माशीनं तिथे अंडी घातली आणि जित्या जनावराला किडे पडू लागले. मग तेवढ्याच भागाची लोकर काढण्याला ‘क्रचिंग’, घाणीनं लडबडलेल्या गुठळ्या काढण्याला ‘डॅगिंग’ आणि डोळ्यांवर आलेली लोकर छाटण्याला ‘विगिंग’ असे शब्द रुळले. शेपटीभोवतीची कातडीच कापून काढायची पद्धत जॉन म्यूल्स या ऑस्ट्रेलियन माणसाच्या नावावर ‘म्यूल्सिंग’ म्हणून चालली. जनावराच्या हालांवरून तिच्यावर आजही वाद आहे.

‘क्रचिंग’ला मराठी शब्द काय, असं कुणी विचारलं तर म्हणूनच उत्तर सापडत नाही. आपली भाषा तोकडी आहे असं नाही. डेक्कनीच्या मांड्यांत तेवढी लोकरच नसते, तर ती काढायला शब्द कुठून येणार? प्रतिशब्द पाडायची हौस असणाऱ्यांनी ‘शेपूटकातर’ वगैरे जरूर पाडावेत, वाड्यावर ते कुणी उचलणार नाही.

अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढ्याच्या सीमेवर या शब्दांना कानडी शेजार आहे. तिथे मेंढी म्हणजे ‘कुरी’, लोकर म्हणजे ‘उण्णे’, घोंगडी म्हणजे ‘कंबळी’. आपलं ‘कांबळं’ तिचंच भावंड. ‘ऊर्णा’पासून हिंदीत ‘ऊन’ आलं, कानडीत ‘उण्णे’. मराठीत मात्र ऊन म्हटलं की डोक्यावर तापतं तेच, आणि सोलापुरात ते कमी नाही. मंगळवेढ्याच्या हुलजंतीला दिवाळीत महालिंगराया आणि बिरोबाच्या पालख्यांची भेट होते, तेव्हा भंडारा आणि खोबऱ्याबरोबर लोकरही उधळतात. ती उधळताना मराठी आणि कानडी दोन्ही गजर एकाच वेळी कानावर येतात.

सोलापूरचं नाव जगात गेलं ते मात्र सुती चादरीवर. राठ लोकरीला गिऱ्हाईक उरलं नाही, कातरणाऱ्याची मजुरीही लोकरीतून सुटेना. महूदला, सांगोला तालुक्यात, राज्याच्या मेंढी-शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र, म्हणजे मेंढ्यांचा फार्म, आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण डेक्कनीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. तिथेही भर कोकरांवर, म्हणजे मटणावर आहे. शेजारच्या जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी तर पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके घेऊन येते आणि लोकर नावापुरतीच आणते. सांगोल्याच्या बाजारात माडग्याळ मेंढ्याच्या नाकाचा बाक बघतात, उंची बघतात, बोली लागते. तिच्या कोकराला जावळ असतं का, हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही.