नॅनोसंमिश्र चुंबकीय तनुपटले

चुंबकीय ऑक्साइडाचे काही नॅनोमीटर आकाराचे कण दुसऱ्या, बहुधा अचुंबकीय ऑक्साइडात विखरून केलेला शंभर-दोनशे नॅनोमीटर जाडीचा थर. स्मृती-उपकरणात लिहिलेला बिट टिकायला हवा आणि हवा तेव्हा पुसताही यायला हवा. त्यामुळे थराची निग्राहिता, म्हणजे चुंबकन शून्यावर आणणारे उलट क्षेत्र, नेमकी जुळवावी लागते. ती ठरते मुख्यतः कणाच्या आकारावर.

बिट दहा वर्षे टिकायचा तर कणाची विषमदिकता-ऊर्जा, म्हणजे चुंबकन त्याच्या आवडत्या दिशेतून उलटवायला लागणारी ऊर्जा, औष्णिक ऊर्जेच्या साधारण ६० पट लागते. कोबाल्ट फेराइट या कोबाल्ट-लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडाची विषमदिकता घनमीटरला सुमारे २ लाख ज्यूल धरली, तर १३ नॅनोमीटरचा कण पुरतो. मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडाला तिशीच्या पुढे जावे लागते. आकार वाढेल तशी कोबाल्ट फेराइटची निग्राहिता ३०-४० नॅनोमीटरपर्यंत चढते. पुढे एकाच कणात अनेक प्रभागक्षेत्रे (वेगवेगळ्या दिशांनी चुंबकित भाग) पडतात आणि ती उतरते.

कोबाल्ट फेराइट-सिलिका पटलाच्या ५० मिलिलिटर द्रावणासाठी कोबाल्ट नायट्रेट हेक्झाहायड्रेट १.४६ ग्रॅम, फेरिक नायट्रेट नोनाहायड्रेट ४.०४ ग्रॅम, सायट्रिक आम्ल मोनोहायड्रेट ३.१५ ग्रॅम आणि टीईओएस (सिलिका देणारे टेट्राइथिल ऑर्थोसिलिकेट) १.७४ ग्रॅम, हे सारे मिथॉक्सिइथॅनॉलमध्ये विरघळवतात. हा द्रावक प्रजननसंस्थेला घातक आहे. काम फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटातच, करावे. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर ३० सेकंद स्पिन कोटिंग (तबकडी फिरवून द्रावण पसरणे), मग वाळवणे, मग पुढचा थर. १५० ते ३५० अंशांच्या टप्प्यात तापमान मिनिटाला २-३ अंशांनीच चढवावे. घाई केली की सायट्रेट जळून निघणारा वायू सूक्ष्म छिद्रे पाडतो आणि वरचा इलेक्ट्रोड खालच्याला टेकून शॉर्ट होतो. शेवटचे तापवणे ६०० अंशांपासून ५०-५० अंशांनी वाढवत वेगवेगळ्या नमुन्यांवर करून पाहावे. प्लॅटिनमचा थर दिलेल्या सिलिकॉनवर ७०० च्या पुढे जपून जावे, प्लॅटिनम चिकटावे म्हणून खाली दिलेले टायटॅनियम त्यातून वर झिरपते.

नागपुरात या कृतीत घोटाळा होतो तो नायट्रेट मिठांनी (क्षारांनी) ओढलेल्या पाण्यामुळे. शुद्ध नायट्रेटच लागतात, आणि ती फार ओलावा ओढतात. पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली पाणी खाते. वजन बरोबर भरते, लोह मात्र कमी पडते. उलट मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो आणि फेरिक नायट्रेट ४७ अंशांच्या आसपासच वितळते, म्हणून पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या बाटलीत त्याचा गोळा होतो. खात्री करणे सोपे आहे: १ ग्रॅम फेरिक नायट्रेट ६०० अंशांवर भाजावे, ०.१९८ ग्रॅम लाल ऑक्साइड उरले पाहिजे. कमी उरले तर पाणी जास्त आहे. त्या प्रमाणात मीठ वाढवून घ्यावे.

वरच्या प्रमाणात सिलिका वजनाने ३० टक्केच भरते, पण हलकी असल्याने निम्मे घनफळ अडवते. मोजलेला चुंबकीय संकेत संपूर्ण थराच्या घनफळाने भागला की चुंबकन निम्मे दिसते, आणि फेराइट बिघडले असा चुकीचा निष्कर्ष निघतो. दुसरी फसवणूक चिमट्याची. ५ मिलिमीटर चौरस, १०० नॅनोमीटर जाडीच्या निव्वळ फेराइट पटलाचा संकेत जेमतेम ०.००१ ईएमयू (चुंबकीय आघूर्णाचे एकक), आणि पोलादी चिमट्याने सोडलेले १ मायक्रोग्रॅम लोह एकटेच ०.०००२ ईएमयू देते. नमुना प्लास्टिकच्या किंवा टायटॅनियमच्या चिमट्यानेच उचलावा.

चुंबकीय गुण जुळवायला आकाराखेरीज ताणही हाताशी असतो. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या स्फटिकावर वाढवलेले कोबाल्ट फेराइट सुमारे ०.४ टक्के ताणले जाते, आणि त्याची सुलभ दिशा (चुंबकन सहज वळते ती दिशा) पटलाला लंब होते. निकेल ऑक्साइडच्या सान्निध्याने चुंबकन-वक्र एका बाजूला सरकवता येतो. त्यासाठी नमुना २५२ अंशांच्या वर तापवून क्षेत्रातच थंड करतात, कारण निकेल ऑक्साइडची प्रतिलोहचुंबकीय रचना (शेजारच्या अणूंची चुंबकने एकमेकांविरुद्ध लागण्याची) साधारण २५२ अंशांखालीच बसते.