पार्श्वभूमी : कानावर पडलेला व्हिप

रोज मुंबईला जाऊन-येऊन नोकरी करणारे नाशिककर सकाळची पंचवटी एक्स्प्रेस गाठण्याआधी घरच्या वायफायवर पॉडकास्टचे भाग उतरवून ठेवतात. इगतपुरी सुटली की घाटात रेंज जाते, आणि नेमकं तेव्हाच घटनापीठाचं विश्लेषण रंगात आलेलं असतं. कोर्ट आणि राजकारण असं कानाने ऐकण्याची ही सवय फार जुनी नाही. माझ्या पाहण्यात ती २०२२ च्या जूनपासून जडली.

त्याआधीचं थोडक्यात. डिसेंबर १९०९ मध्ये नाशकातल्या नाट्यगृहात कलेक्टरवर गोळ्या झाडल्या गेल्या, खटला मात्र मुंबईला चालला. गावाला तो कळला छापील मजकुरातून आणि त्यावर झालेल्या कुजबुजीतून. पुढे कित्येक वर्षं घराघरांत आकाशवाणीच्या सकाळी सात दहाच्या प्रादेशिक बातम्या होत्या. त्यात निकालाचा एक ओळीचा उल्लेख असे, पण कारणमीमांसा कधीच नसे.

खरी मेख एफएमची आहे. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. २००१ पासून खासगी एफएम सुरूही झाले, पण त्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नव्हत्या. २०१९ मध्ये सवलत मिळाली तीही आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावण्यापुरती. म्हणजे गाणी वाजवा, ट्रॅफिक सांगा, पण आरक्षणाच्या निकालावर चकार शब्द काढू नका. जे रेडिओला मना होतं ते इंटरनेटला नव्हतं. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ मधला. आपल्याकडे मात्र तो रुळला २०१६ नंतर, डेटा स्वस्त झाल्यावर.

आता २०२२. जूनच्या १० तारखेला राज्यसभेसाठी मतदान झालं. त्यात नांदगावच्या आमदारांचं मत, मतपत्रिका दाखवण्याच्या पद्धतीवरून, बाद ठरलं आणि निकाल मध्यरात्र उलटून गेल्यावर लागला. पुढच्या दोन आठवड्यांत सत्तेतली शिवसेनाच फुटली. फुटलेल्यांत नांदगाव आणि मालेगाव बाह्य हे आपल्या जिल्ह्यातले तिचे दोन्ही आमदार होते. साहजिकच सटाण्यापासून सिन्नरपर्यंत जो तो दहाव्या परिशिष्टावर, म्हणजे राज्यघटनेतल्या पक्षांतरबंदीवर, बोलू लागला. २७ सप्टेंबर २०२२ रोजी घटनापीठांच्या सुनावण्यांचं थेट प्रक्षेपण सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी या फुटीचा खटलाही दिसला. प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता २०१८ मध्येच मिळाली होती, मुहूर्त लागायला चार वर्षं गेली. विश्लेषण करणाऱ्यांना त्यामुळे कच्चा माल थेट कोर्टातून मिळू लागला.

घोळ झाला तो ‘व्हिप’ या एका शब्दावरून. इंग्रजीत मत कसं द्यायचं ते पक्षाच्या आमदारांना सांगणारा माणूसही व्हिप आणि त्याने काढलेला हुकूमही व्हिप. मराठीने ही भानगड केव्हाच मिटवली आहे : माणूस तो प्रतोद, हुकूम तो पक्षादेश. प्रतोद म्हणजे मुळात जनावरं हाकायचा चाबूक, तेव्हा शब्दही चपखल. पण सुनावणी इंग्रजीत ऐकून मराठीत बोलणाऱ्यांच्या तोंडी दोन्हीकडे व्हिपच बसला. ११ मे २०२३ चा निकाल आला आणि त्या रात्री सगळीकडे एकच वाक्य ऐकू आलं : ‘व्हिप बेकायदेशीर.’ ऐकणाऱ्याला वाटलं हुकूम बेकायदेशीर, म्हणजे त्याविरुद्ध मत देणारे सुटले. प्रत्यक्षात बेकायदेशीर ठरली होती ती विधानसभा अध्यक्षांनी फुटलेल्या गटाच्या ३ जुलै २०२२ ला नव्या प्रतोदाला दिलेली मान्यता. प्रतोद नेमायचा तो राजकीय पक्षाने, विधिमंडळ पक्षाने, म्हणजे नुसत्या आमदारांच्या गटाने, नव्हे, असं पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं. राज्यपालांनी बहुमत चाचणी सांगितली तीही चूक ठरवली. पण तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे जुनं सरकार परत आणता येत नाही, असंही म्हटलं. या शेवटच्या मुद्द्यावर तासन् तास चर्चा ऐकली. प्रतोदावर मात्र कोणी थांबलं नाही.

मग १० जानेवारी २०२४. अपात्रतेवर अध्यक्षांनी निर्णय दिला, तोही कोर्टाने घातलेल्या मुदतीच्या अखेरच्या दिवशी. २१ जून २०२२ ला दोन गट पडले तेव्हा खरा पक्ष कोणता, हे त्यांनी आधी ठरवलं. त्यासाठी पक्षाची घटना, नेतृत्वाची रचना आणि विधिमंडळातलं बहुमत असे तीन निकष लावले आणि शेवटी भार पडला बहुमतावर. खरा पक्ष ठरताच आठ महिन्यांपूर्वी ज्याची मान्यता बेकायदेशीर म्हटली होती तोच प्रतोद वैध झाला. अपात्र कोणीच झालं नाही, ना या बाजूचं, ना त्या. दोन गट असतील तर खरा पक्ष कोण हे अध्यक्षांनी प्रथमदर्शनी पाहावं, अशी मुभा कोर्टानेच दिली होती, हे त्या निर्णयाच्या बाजूचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. तरीही विधिमंडळ पक्षाला पुढच्या दाराने बाहेर काढून मागच्या दाराने आत घेतलं, असंच मला वाटत आलं आहे. हे कानाने ऐकून लक्षात येणं अवघड. मला निवाड्याचे परिच्छेद उघडून पेन्सिल घेऊन बसावं लागलं.

त्याच काळात नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात तारखांवर तारखा पडत गेल्या. या सुनावण्यांवर कार्यक्रम कमीच झाले, त्यात नाट्य नव्हतं ना. निवडणुका चार महिन्यांत घ्या असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ६ मे २०२५ ला आला, मतदान उजाडलं १५ जानेवारी २०२६ ला.

आता १२२ जागांच्या सभागृहात गटनेता आणि पक्षादेश हे शब्द पुन्हा कानावर येतील. नगरसेवकांना दहावं परिशिष्ट लागू नाही. त्यांच्यासाठी राज्याचा १९८६ चा वेगळा कायदा आहे, आणि त्यातही मूळ पक्ष वेगळा, महापालिका पक्ष, म्हणजे त्याच्या नगरसेवकांचा गट, वेगळा. त्यावर एक पूर्ण मराठी भाग अजून तरी माझ्या ऐकण्यात आलेला नाही.