लाल तारा थंड, निळा तारा गरम

नळावर गरम पाण्याला लाल खूण असते आणि गार पाण्याला निळी. ताऱ्यांकडे पाहताना ही खूण बरोबर उलटी धरायची. मृग नक्षत्रातल्या तांबूस काक्षीचा, म्हणजे आर्द्रा किंवा बीटलज्यूसचा, पृष्ठभाग सुमारे ३६०० केल्विन तापलेला आहे. त्याच नक्षत्रातल्या निळसर पांढऱ्या राजन्याचा पृष्ठभाग सुमारे १२,००० केल्विन. (सेल्सिअस अंशांत २७३ मिळवले की केल्विन होतात. ताऱ्यांच्या आकड्यांत हा फरक किरकोळ ठरतो, घरातल्या वस्तूंच्या बाबतीत मात्र नाही.)

असं का, ते भट्टीतल्या लोखंडी सळईकडे पाहून कळतं. ४०० अंश सेल्सिअसला सळई काळीच दिसते, पण हात लावाल तर कातडी जाईल. ५२५ अंशांच्या आसपास अंधारात अंधूक लाली दिसू लागते. बहुतेक घन पदार्थ जवळपास याच तापमानाला लालसर उजळू लागतात, हे जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४७ मध्ये दाखवलं. पुढे ८०० च्या आसपास लख्ख लाल, हजाराच्या आसपास नारिंगी, १२०० च्या पुढे पिवळा आणि मग पांढरट. लोहार घाव घालायची वेळ ठरवतो ती या रंगांवरूनच. लोखंड १५३८ अंशांना वितळतं, त्यामुळे निळ्या रंगापर्यंत ते कधी पोहोचत नाही. तारा आधीच वायूचा गोळा असल्यामुळे त्याला ही अडचण नाही.

यामागचा हिशेब सोपा आहे. २९०० या आकड्याला केल्विनमधल्या तापमानाने भागा. उत्तर येतं ती वस्तू ज्या तरंगलांबीला सर्वात जोरात प्रारण (प्रकाश किंवा उष्णतेचे किरण) सोडते ती लांबी, मायक्रोमीटरमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग). हाच वीनचा नियम. डोळ्याला दिसतो तो पट्टा साधारण ०.४ (जांभळा) ते ०.७ (लाल). आता आकडे घालून पाहा. तळहात ३०६ केल्विन, उत्तर ९.५, म्हणजे थेट अवरक्तात, लालच्या पलीकडच्या न दिसणाऱ्या पट्ट्यात. जुन्या पिवळ्या बल्बची तार २८०० केल्विन, उत्तर १.०४, म्हणजे तीही अवरक्तातच. म्हणूनच त्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेत जायची आणि प्रकाश नावापुरता मिळायचा. सूर्य ५७७२ केल्विन, उत्तर ०.५. राजन्य ०.२४, म्हणजे जांभळ्याच्याही पलीकडचं अतिनील.

०.५ हा आकडा हिरव्याच्या हद्दीत पडतो, तरी सूर्य हिरवा दिसत नाही. कारण त्या शिखराच्या दोन्ही बाजूंना लाल आणि निळा प्रकाशही भरपूर असतो आणि सगळ्यांची मिसळण डोळ्याला पांढरी दिसते. हिरवा तारा नसतो तो याचमुळे.

रंग तापमान सांगतो, तेज सांगत नाही. तेजासाठी दोन गोष्टी लागतात : दर चौरस सेंटिमीटरमधून किती ऊर्जा निघते आणि असे चौरस सेंटिमीटर आहेत किती. पहिली गोष्ट तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढते. तापमान दुप्पट, तर ऊर्जा सोळापट. सूर्याच्या पृष्ठभागाच्या एका चौरस सेंटिमीटरमधून सुमारे ६३०० वॉट बाहेर पडतात, म्हणजे नखाएवढ्या जागेतून पाणी तापवायच्या दोन-तीन गिझरांएवढी शक्ती. तुमच्या त्वचेच्या तेवढ्याच जागेतून जेमतेम ०.०५ वॉट निघतात.

दुसरी गोष्ट आकार. काक्षीचा प्रत्येक चौरस सेंटिमीटर सूर्याच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी ऊर्जा देतो. पण त्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे साडेसातशे पट आहे, म्हणजे क्षेत्रफळ साडेपाच लाख पटींहून जास्त. गुणाकार केला की एकूण तेज सूर्याच्या ऐंशी हजार पटींच्या घरात जातं. उलट टोकाला व्याधाचा जोडीदार, व्याध ब हा श्वेत बटू, म्हणजे जळण संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. त्याचं तापमान सुमारे २५,००० केल्विन, पण आकार पृथ्वीएवढा, त्यामुळे एकूण तेज सूर्याच्या काही शतांशच. समईची बारीक वात पुष्कळ तापलेली असते तरी खोली तापवत नाही, तसंच हे.

सूर्यावरचे डाग या हिशेबाचं उत्तम उदाहरण आहेत. ते काळे दिसतात, पण त्यांचं तापमान ३८०० केल्विनच्या आसपास असतं, म्हणजे बल्बच्या तारेपेक्षा हजार अंशांनी जास्त. बाजूच्या पृष्ठभागाच्या मानाने तिथून जेमतेम पाचवा हिस्सा ऊर्जा येते म्हणून ते काळे भासतात. असा डाग एकटा काढून आकाशात ठेवला, तर नारिंगी रंगात लखलखेल.

आता एक सावधगिरी. हे सगळं गणित तापून उजळणाऱ्या वस्तूंचं आहे. एलईडी दिव्याच्या खोक्यावर '६५०० के' छापलेलं असतं, पण आतली चिप तेवढी तापत नाही, तापली तर वितळून जाईल. ६५०० केल्विन तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाशी या दिव्याचा रंग जुळतो, इतकाच त्याचा अर्थ. आणि गंमत अशी की ज्याला 'वॉर्म' म्हणतात तो २७०० चा असतो आणि 'कूल' ६५०० चा. गॅसच्या शेगडीची निळी ज्योतही अशीच फसवी. तो निळा रंग ज्वलनात तयार होणाऱ्या कार्बनच्या अल्पायुषी रेणूंचा आहे, तिथे वीनचा नियम लावाल तर तापमान भलतंच येईल. मेणबत्तीचा पिवळा प्रकाश मात्र खरोखर तापलेल्या काजळीच्या कणांचा.

तापमान जास्त म्हणजे चटका जास्त, हेही खरं नाही. सूर्याभोवतीचा किरीट दहा लाख अंशांच्या वर तापलेला असतो, पण इतका विरळ की खग्रास ग्रहणाशिवाय तो साध्या डोळ्यांना दिसत नाही. ग्राइंडरची ठिणगी हजार अंशांवर असूनही हातावर पडली तर क्वचितच भाजते. कणात साठलेली उष्णताच नगण्य असते.

दुरून तापमान मोजणारा अवरक्त थर्मामीटर वस्तूच्या प्रारणावरूनच तापमान काढतो, साधारण ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात. तो चुकतो तो चकचकीत धातूवर. पॉलिश केलेलं स्टील स्वतःचं प्रारण फार कमी सोडतं आणि समोरच्या भिंतीचं परावर्तित करतं, त्यामुळे उकळत्या पाण्याच्या स्टीलच्या भांड्यावर तो चाळीस-पन्नास अंशही दाखवू शकतो. उपाय : भांड्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, थर्मामीटरवर उत्सर्जकता (पृष्ठभाग किती चांगलं प्रारण सोडतो तो आकडा) ०.९५ ठेवा आणि मिनिटभर थांबून टेपवर मोजा.

ताऱ्यांचे रंग स्वतः पाहायचे असतील, तर मोबाइल स्टँडवर ठेवून कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ५५०० वर पक्का करा. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा रंग 'सुधारून' टाकतो. आयएसओ ८००, शटर ४ सेकंद, आणि फोकस मुद्दाम किंचित बिघडवा, म्हणजे प्रत्येक ताऱ्याचा बारीक ठिपका न येता छोटी रंगीत चकती येईल. फोकस नेमका ठेवला तर ठिपक्याचा मध्य जास्त प्रकाशाने पांढरा पडतो आणि रंग हरवतो. तरीही चकत्या पांढऱ्याच आल्या, तर आधी आयएसओ निम्मा करा. काक्षी आणि राजन्य एकाच फ्रेममध्ये मावतात, म्हणून तुलनेला सोयीचे. मृग आकाशात उंच चढेपर्यंत थांबा. क्षितिजाजवळ हवेचा जाड थर निळा प्रकाश विखरून टाकतो आणि तिथे राजन्यही पिवळट दिसतो.