‘डॅम्प’: कोळशाच्या खाणीतली जीवघेणी हवा

इंग्रजीत ‘डॅम्प’ म्हणजे ओल, दमटपणा. कोळशाच्या खाणीतल्या ‘फायरडॅम्प’ या स्फोटक वायूचा मात्र ओलीशी काही संबंध नाही. हा शब्द जर्मन-डच कुळातला, अर्थ वाफ किंवा धूर; जर्मनमध्ये ‘डाम्फ’ म्हणजे आजही वाफच. इंग्रजीत तो आधी विषारी हवेसाठी रुळला, ओलीचा अर्थ पुढे जोडला गेला. खाणकामगारांनी जुना अर्थ सोडला नाही.

रसायनशास्त्राने या वायूंना नावं देण्याच्या कितीतरी आधी कामगारांनी त्यांना गुणावरून ओळखलं होतं. छताशी साचून ज्योत लागताच भडकतो तो फायरडॅम्प, म्हणजे मुख्यतः मिथेन. हवेत त्याचं प्रमाण साधारण 5 ते 15 टक्के असेल, तर ठिणगी पडताच स्फोट होऊ शकतो. तळाशी साचून दिवा विझवतो आणि माणसाला गुदमरवतो तो ब्लॅकडॅम्प. त्यात कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन. सडक्या अंड्यासारख्या वासाचा तो स्टिंकडॅम्प. आणि स्फोटानंतर मागे उरतो तो आफ्टरडॅम्प. प्रत्येक नावामागे कुणाचा तरी जीव गेलेला आहे, म्हणून मला ही नावं शास्त्रीय नावांइतकीच मोलाची वाटतात.

25 मे 1812 रोजी ईशान्य इंग्लंडमधल्या फेलिंग खाणीत फायरडॅम्पचा स्फोट होऊन 92 पुरुष आणि मुलं मेली. या दुर्घटनेनंतर सुरक्षित दिव्याचा शोध जोमाने सुरू झाला. 1815 मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवली. जाळी उष्णता शोषून घेते, त्यामुळे आतली आग बाहेरच्या वायूपर्यंत पोहोचत नाही. शिवाय वायू असला की ज्योतीवर निळसर टोपी दिसते, म्हणजे दिवा धोक्याची सूचनाही देतो. त्याच सुमारास इंजिनिअर जॉर्ज स्टीफन्सन यांनीही स्वतंत्रपणे सुरक्षित दिवा बनवला. श्रेय कुणाचं, यावर पुढे मोठा वाद झाला.

आफ्टरडॅम्पचं कोडं सुटायला आणखी बराच काळ गेला. स्फोटात माणसं भाजून किंवा धक्क्याने मरतात, असा समज होता. शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी 1896 मध्ये दाखवून दिलं, की बहुतेकांचा जीव कार्बन मोनॉक्साइडने घेतलेला असतो. या वायूला वास नाही, रंग नाही. माणसाच्या आधी त्याचा त्रास व्हावा म्हणून खाणीत कॅनरी पक्षी नेण्याचा सल्ला त्यांचाच. ब्रिटिश खाणींतून हे पक्षी 1986 मध्ये हटवायला सुरुवात झाली.

भारतात मायनिंग सरदार आणि ओव्हरमन या खाणीतल्या देखरेखीच्या पदांच्या परीक्षांची तयारी करणारे उमेदवार आजही फायरडॅम्प, ब्लॅकडॅम्प हीच नावं शिकतात.