हेडलाइट खाली-वर करायची डायल आणि फोकसचा स्क्रू: दोन्ही एकच नव्हे

आजऱ्याहून कोल्हापूरला रात्रीचं परत येत होतो. गाडीत आम्ही पाच जण, डिकीत घनसाळ तांदळाची दोन पोती आणि वर गुळाचे रवे. समोरून येणारा जो तो डिपर मारत होता. अप्पर लागलाय का म्हणून मी तीनदा दांडी चाचपली. लागलेला नव्हता. शेवटी स्टेअरिंगच्या उजव्या बाजूला खाली ती बारकी डायल सापडली, हेडलाइटचं चित्र आणि पुढं ०, १, २, ३. तीनवर नेली आणि डिपर थांबले.

पुढचा घोटाळा माझाच. पोती उतरवली, डायल मात्र तीनवरच राहिली. आठ दिवसांनी रंकाळ्याकडून येताना बघतोय तर उजेड पार पुढच्या चाकांपाशी पडतोय. गॅरेजला गेलो, म्हटलं, "मिस्त्री, लाईट लई खाली पडतीया, जरा वर घ्या." त्यांनी बॉनेट उघडून फोकसचा स्क्रू फिरवून दिला. नंतर कधीतरी गाडी पुसताना डायल शून्यावर आली आणि रिकाम्या गाडीतूनही मी गावभर लोकांचे डोळे दिपवत फिरू लागलो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मिस्त्रींचा काही दोष नाही, डायल तीनवर आहे हे मी सांगायला हवं होतं.

दोन्ही गोष्टींनी झोत खाली-वर होतो, म्हणून गल्लत होते. स्क्रू गाडीची मूळ नजर ठरवतो: रिकामी गाडी, चालवणारा एकटा, तेव्हा झोत कुठं पडावा. तो प्रत्येक दिव्याला वेगळा असतो आणि एकदा लावला की वर्षानुवर्षं हात लावायची गरज पडत नाही. डायल आजच्या ओझ्यासाठी आहे. ती फिरवली की दोन्ही दिव्यांमागच्या छोट्या मोटरी झोत सारखाच खाली नेतात. शून्याच्या वर न्यायची सोय तिच्यात नाही. पंख्याच्या रेग्युलेटरमुळं आपल्याला सवय अशी, की आकडा वाढला म्हणजे जोर वाढला. इथं आकडा वाढला की उजेड खाली उतरतो.

डिकीतल्या दोन पोत्यांनी एवढं काय होतं? हिशेब करून बघा. डिपरचा, म्हणजे अप्पर लावलेला नसतानाचा झोत साधारण १ टक्का खाली बघत असतो, म्हणजे १० मीटरवर १० सेंमी खाली. दिवा जमिनीपासून ६५ सेंमीवर असेल तर झोताची वरची कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. आता पुढच्या-मागच्या चाकांत २५० सेंमी अंतर धरा. वजनानं मागची बाजू पुढच्यापेक्षा फक्त ५ सेंमी जास्त दबली, तर गाडीचं नाक २ टक्के वर होतं. १ टक्का खाली बघणारा झोत १ टक्का वर बघायला लागतो आणि ५० मीटरवर त्याची कड ६५ अधिक ५०, म्हणजे ११५ सेंमीवर पोचते. समोरच्या छोट्या गाडीतल्या माणसाचे डोळे साधारण तिथंच असतात. उसाच्या हंगामात डोळे दिपलेल्या त्या माणसाला पुढं संथ चाललेली, मागं लाल दिवा नसलेली ट्रॉली दिसणार कशी?

कुठल्या आकड्याला किती वजन, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत एकटा ड्रायव्हर किंवा पुढचे दोघे असतील तर ०, सगळ्या सीट भरल्या तर १, त्यावर डिकीही भरली तर २. सगळ्यात मोठा आकडा मात्र एकटा ड्रायव्हर आणि ठासून भरलेली डिकी याला असतो. आधी मला हे उलटं वाटलं. पण पुढं वजन कमी आणि मागं सगळं, तेव्हाच नाक सर्वात जास्त उचलतं.

मग दोष कशात आहे हे ओळखायचं कसं? फक्त माल भरल्यावर लोक डिपर मारतात, तर डायल वापरा, स्क्रूच्या वाटेला जाऊ नका. एक दिवा वर नि एक खाली असेल, किंवा ठोकर लागून दिवा बदलला असेल, तर स्क्रू. डायल फिरवूनही भिंतीवरचा उजेड हलत नसेल, तर मोटर किंवा वायर गेली. आणि उजेडाला कडच नसेल, सगळीकडं नुसता पसरला असेल, तर आधी बल्ब बघा. एच-४ बल्बच्या तीन पाकळ्या खाचेत नीट बसल्या नसतील, किंवा त्याजागी बाजारातला एलईडी घातला असेल, तर स्क्रू कितीही फिरवा, उपयोग शून्य.

स्क्रू घरी लावता येतो. टायरची हवा बरोबर हवी, डिकी रिकामी, एक माणूस ड्रायव्हर सीटवर आणि डायल शून्यावर. ही शेवटची अट मी विसरलो, म्हणून एवढं पुराण. जागा सपाट हवी. तांब्याभर पाणी ओतून ते कुठं पळतं ते बघा. भिंतीपासून १० मीटर उत्तम. पेठेतल्या बोळात तेवढी जागा कुठली, तिथं ५ मीटरवर भागवा, पण तिथली १ सेंमीची चूक ५० मीटरवर १० सेंमी होते हे लक्षात ठेवा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खुणा करून घ्या आणि तिच्याखाली १० मीटरला १० सेंमी, ५ मीटरला ५ सेंमी अशी चिकटपट्टी लावा. काही गाड्यांत बॉनेटखाली नेमका टक्का छापलेला असतो. असेल तर तोच धरा. एक दिवा पोत्यानं झाका, दुसऱ्याची कड पट्टीवर आणा, मग उलट. कड डावीकडं तिरकी वर चढलेली दिसेल. तो बिघाड नव्हे. आपण डावीकडून चालतो, म्हणून रस्त्याकडेचा माणूस आणि दगड दिसावा यासाठी ती तशीच घडवलेली असते. झोत डावी-उजवीकडं नेणारा आडवा स्क्रू उगाच फिरवू नका.

बहुतेक मोटरसायकलींना डायल नसतेच, सगळं काम एका स्क्रूवर. मागं रोज कोणी बसत असेल, तर त्या माणसाला बसवूनच भिंतीपुढं उभे राहा.